पुन्हा भरता येणारे सेल : कुठे वापरावेत, कुठे टाळावेत

टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की आपल्या घरांतून एक ठरलेला विधी पार पडतो. प्रथम रिमोटला तळहातावर दोन थापट्या बसतात. मग मागचे झाकण उघडून सेल जागच्या जागी फिरवले जातात, त्यांची अदलाबदल होते आणि घरात जुनी माणसे असतील तर ते खिडकीत उन्हाला ठेवले जातात. या उपायांनी सेल आणखी चार दिवस चालतात, हेही खरे आहे. फिरवल्याने स्प्रिंगवरचा मळ व गंज खरवडला जातो आणि उन्हाच्या उबेने साध्या सेलमधील रासायनिक क्रियेला थोडी गती मिळते. पाचव्या दिवशी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे सेल आणावेच लागतात. जुने सेल ड्रॉवरमध्ये जातात, कारण ते खरोखर संपले आहेत की नाहीत याची कुणालाच खात्री नसते.

या सेलमधून आपण जी वीज विकत घेतो तिचा भाव सहसा कुणी काढत नाही. तो एकदा काढून पाहण्यासारखा आहे. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये सुमारे तीन वॉट-तास ऊर्जा असते. म्हणजे एक युनिट वीज हवी असेल तर असे ३३० हून अधिक सेल लागतील. एक सेल तीस रुपयांना मिळतो असे धरले तर हे एक युनिट जवळजवळ दहा हजार रुपयांना पडते. भिंतीवरच्या प्लगमधून तेच युनिट दहा रुपयांच्या आसपास मिळते. उलट बाजूने पाहिल्यास, पुन्हा भरता येणारा पेन्सिल सेल एकदा पूर्ण भरण्यास, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरूनही, पाच-सहा वॉट-तास पुरतात. एका युनिटमध्ये दीडशे ते दोनशे सेल भरून निघतात आणि चार सेलचा एक संच चार आण्यांच्या आसपास पडतो.

एवढी तफावत असूनही रिचार्जेबल सेल आपल्या घरांत म्हणावे तसे रुळले नाहीत. अनेकांनी ते आणले, चार-सहा महिने वापरले आणि ‘हे काही खरे नाही’ म्हणून पुन्हा साध्या सेलकडे वळले. अशा ग्राहकांची तक्रार बहुधा खरी असते. दोष मात्र सेलचा कमी, चार्जरचा आणि चुकीच्या जागी केलेल्या वापराचा अधिक असतो.

प्रस्तुत लेखकाचा पहिला अनुभवही असाच होता. २००४ साली घरात नवा डिजिटल कॅमेरा आला होता. चार पेन्सिल सेलवर चालणारा हा कॅमेरा साध्या सेलवर दहा-बारा छायाचित्रांतच मान टाकत असे, म्हणून दुकानदाराच्या सल्ल्याने रिचार्जेबल सेल आणि चार्जर घेतला. गणपतीत सेल पूर्ण भरून बॅगेत ठेवले आणि दिवाळीच्या सुट्टीत हरिश्चंद्रगडावर गेलो. कोकणकड्यावर संध्याकाळचे ऊन उतरत असताना कॅमेरा सुरू केला, तर भिंग अर्धवट बाहेर येऊन तिथेच थांबले. भरलेले सेल न वापरताच रिकामे झाले होते.

त्या काळातील निकेल-मेटल हायड्राइड सेलचा हा स्वभावदोषच होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेल्या या प्रकारात ऋण अग्रासाठी हायड्रोजन शोषून ठेवणारे एक मिश्रधातू वापरतात. धन अग्र निकेलच्या संयुगाचे असते. अशा सेलमधील प्रभार नुसते ठेवून दिले तरी महिन्याला वीस ते तीस टक्क्यांनी घटे आणि उन्हाळ्यात ही गळती आणखी वाढे. दोन महिने बॅगेत पडलेला सेल निकामी निघणे त्यामुळे स्वाभाविकच होते. २००५ च्या अखेरीस जपानच्या सॅन्यो कंपनीने ‘एनेलूप’ या नावाने सुधारित सेल आणले. मिश्रधातू आणि दोन अग्रांमधील पडदा यांत बदल करून ही गळती त्यांनी इतकी कमी केली की, वर्षभर ठेवलेल्या सेलमध्येही सुमारे ८५ टक्के प्रभार शिल्लक राहील असा कंपनीचा दावा होता. पुढे सॅन्यो कंपनी पॅनासॉनिककडे गेली आणि इतर उत्पादकांनीही हेच तंत्र उचलले. आज वेष्टनावर ‘प्री-चार्ज्ड’ किंवा ‘रेडी टू यूज’ असे छापलेले असेल तर तो सेल बहुतांशी या कमी गळतीच्या जातीचा असतो. त्याची क्षमता कागदावर थोडी कमी दिसते, पेन्सिल सेलसाठी २००० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास. शेजारी २५०० किंवा २७०० चा आकडा दिसला तरी घरगुती वापरासाठी २००० चाच सेल घ्यावा, कारण मोठ्या आकड्याचे सेल बहुधा लवकर गळतात आणि कमी वेळा भरता येतात.

आता व्होल्टेजचा प्रश्न. साध्या सेलवर दीड व्होल्ट लिहिलेले असते, रिचार्जेबलवर १.२. चार सेल लागणाऱ्या उपकरणात सहा व्होल्टच्या जागी ४.८ च मिळणार, मग ते चालेल कसे, अशी शंका येणे रास्त आहे. परंतु दीड व्होल्ट हा साध्या सेलचा पहिल्या दिवसाचा आकडा असतो. वापर सुरू होताच त्याचे व्होल्टेज घाटातल्या रस्त्यासारखे सतत उतरत जाते आणि निम्मे आयुष्य संपेपर्यंत तेही १.२ च्या आसपास पोहोचलेले असते. ही उतरण ध्यानात घेऊनच बहुतेक उपकरणे एक व्होल्टच्या आसपासपर्यंत चालतील अशी बनवलेली असतात. रिचार्जेबल सेलचे वर्तन पठारासारखे असते. तो १.२ व्होल्टवर बराच काळ सपाट चालत राहतो आणि अखेरीस कडा लागावा तसा एकदम कोसळतो. शिवाय त्याचा अंतर्गत रोध अतिशय कमी असतो. फ्लॅश, मोटार किंवा पंप असलेले उपकरण एकदम मोठा प्रवाह मागते तेव्हा दीड व्होल्टचा सेल दबतो आणि १.२ चा टिकून राहतो. कॅमेऱ्याच्या फ्लॅशला, रिमोटवर धावणाऱ्या मोटारींना आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या खेळण्यांना हे सेल मानवतात ते यामुळेच. वायरलेस माउस आणि कीबोर्ड, मुलांचे गेमचे कंट्रोलर, रोज वापरातला टॉर्च, सभागृहातील बिनतारी माइक या जागाही त्यांच्याच.

मात्र पठार आणि कडा यांचा हा स्वभाव काही ठिकाणी घातक ठरतो. फ्लॅटच्या दारांना आता डिजिटल कुलपे बसू लागली आहेत. यांतील बहुतेक कुलपे चार किंवा आठ पेन्सिल सेलवर चालतात आणि सेल उतरत आले की आठवडे आधी इशारा देतात. हा इशारा अल्कलाइन सेलच्या संथ उतरणीवर बेतलेला असतो. रिचार्जेबल सेल घातल्यास कुलूप एकतर पहिल्या दिवसापासून कुरकुर करते, नाहीतर शेवटपर्यंत सारे आलबेल असल्याचे दाखवून एका रात्री गप्प बसते. कुलपाच्या माहितीपुस्तिकेत ‘फक्त अल्कलाइन’ असे लिहिलेले असेल तर ती सूचना विक्री वाढविण्यासाठी आहे असे समजू नये. घरात वृद्ध माणसे एकटी राहत असतील तर या जागी चार आणे वाचवण्याचा विचारही करू नये.

रक्तदाब मोजण्याच्या यंत्राबाबत थोडा विवेक करावा लागतो. दंडावरच्या पट्ट्यात हवा भरणाऱ्या पंपाला मोठा प्रवाह लागतो, त्या दृष्टीने रिचार्जेबल सेल योग्यच. परंतु काही यंत्रांना ४.८ व्होल्ट अपुरे वाटतात आणि ताजे भरलेले सेल घालूनही सेल संपल्याचे चिन्ह उमटते. पुस्तिकेत परवानगी असेल तरच वापरावेत. रोज सकाळ-संध्याकाळ मोजणाऱ्यांनी कंपनीचाच अ‍ॅडॉप्टर घेणे हा सर्वांत सरळ मार्ग. गॅस गीझरच्या ठिणगीसाठी लागणारे दोन जाडे सेल हेदेखील असेच प्रकरण आहे. तीन व्होल्टच्या जागी २.४ मिळाल्यास काही गीझर पेटतात, काही नुसतेच टकटक करतात. साबण लावून झाल्यावर हा शोध लागण्यापेक्षा तिथे साधे सेल बरे.

भिंतीवरचे घड्याळ आणि टीव्हीचा रिमोट यांना रिचार्जेबल सेल चालतात, पण परवडत नाहीत. चार सेल आणि एक बरा चार्जर यांना मिळून दोन हजार रुपये पडले असे समजू. तीस रुपयांचा एक या दराने चार अल्कलाइन सेलचे एकशेवीस होतात. म्हणजे सतरा वेळा भरल्यावर पैसे फिटतात. दर महिन्याला सेल खाणाऱ्या खेळण्यात हे दीड वर्षात घडेल. वर्षाकाठी एकदा सेल मागणाऱ्या घड्याळाच्या बाबतीत मुलगा शाळेत जाईपासून नोकरीला लागेपर्यंत वाट पाहावी लागेल, आणि तोवर सेल केव्हाच म्हातारा झालेला असेल. पर्यावरणाचा हिशेबही याच वाटेने जातो. निकेल आणि दुर्मिळ मृदा धातू वापरून केलेला सेल वारंवार भरला तरच त्याच्या निर्मितीचा खर्च निसर्गाला परवडतो. वर्षातून एकदा भरायचा असेल तर साधा सेलच सौम्य. एक गोष्ट मात्र पाळावी. घड्याळातला वा रिमोटमधला सेल दर दिवाळीच्या साफसफाईत काढून पाहावा. अल्कलाइन सेल फुटून बाहेर येणारा पांढरा क्षार स्प्रिंग खाऊन टाकतो. तो दिसल्यास कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसावे आणि पूर्ण कोरडे करावे. हात धुण्यास विसरू नये.

आता चार्जरकडे वळू, कारण बहुतेक सेल वापराने मरत नाहीत, चार्जरमध्ये मरतात. सेलच्या पाकिटाबरोबर मिळणारा स्वस्त चार्जर सहसा अगदी अडाणी असतो. तो ठराविक प्रवाह सोडत राहतो आणि फार तर काही तासांनी घड्याळ पाहून थांबतो. सेल आधीच अर्धा भरलेला आहे की पूर्ण रिकामा, याची त्याला जाणीव नसते. अर्धा भरलेला सेल त्यात पूर्ण रात्रभर ठेवला तर उरलेली सर्व वीज उष्णतेत जाते. त्यातच हे चार्जर सेलच्या जोड्या करून भरतात. एक सेल थकलेला आणि जोडीदार ताजा असला तरी दोघांना एकच मात्रा मिळते. एक उपाशी राहतो, दुसऱ्याला अजीर्ण होते, आणि पुढच्या वेळी ही तफावत आणखी वाढलेली असते. ‘सेल चार महिन्यांत गेले’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथे सापडते.

चांगला चार्जर प्रत्येक सेलकडे स्वतंत्रपणे पाहतो. निकेलचा सेल पूर्ण भरला की एक गंमत होते. तोवर चढत गेलेले त्याचे व्होल्टेज शिखरावर पोहोचून किंचित, अवघे काही सहस्रांश व्होल्ट, खाली येते. ही अस्पष्ट घसरण ओळखून चार्जर प्रवाह तोडतो. प्रवाह फारच मंद असेल तर ही घसरण उमटतच नाही, आणि म्हणून ‘हळू भरलेला सेल अधिक टिकतो’ हा समज अशा चार्जरच्या बाबतीत अर्धसत्य आहे. प्रवाह फार जोरदार असेल तर सेल तापतो. दोन ते पाच तासांत पेन्सिल सेल भरणारा, प्रत्येक सेलसाठी वेगळा दिवा असलेला आणि सेलचे तापमान पाहणारा चार्जर हा मध्यम मार्ग. पंधरा मिनिटांत किंवा तासाभरात भरून देणाऱ्या चार्जरचा मोह टाळावा. शेवटी शेवटी सेल हाताला कोमट लागणे ठीक, पण बोट ठेववत नसेल तर तो चार्जर बाद समजावा. चार्जर सेलपेक्षा महाग पडला तरी बिचकू नये, तो सेलच्या चार पिढ्या पाहतो.

सेलच्या जोड्या मोडू नयेत, ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. तीन सेलच्या टॉर्चमध्ये दोन भरलेले आणि एक अर्धवट सेल घातला तर अर्धवट सेल आधी संपतो. मात्र टॉर्च विझत नाही. उरलेले दोघे आपला प्रवाह त्या रिकाम्या सेलमधून ढकलत राहतात आणि त्याची कायमची हानी होते. म्हणून एकत्र घेतलेल्या सेलवर मार्करने एकच अक्षर आणि खरेदीचा महिना लिहावा, ते एकत्रच वापरावेत व एकत्रच भरावेत. उजेड मंदावला की टॉर्च लगेच बंद करावा. बॅगेत वा खिशात सेल सुटे टाकू नयेत, कारण किल्ली किंवा नाण्याने दोन्ही टोके जोडली गेल्यास हे सेल चटका बसण्याइतके तापतात. साठवण्यासाठी प्लास्टिकची डबी आणि सावलीतले कपाट पुरते. सेल फ्रिजमध्ये ठेवण्याची जुनी शिफारस कमी गळतीच्या सेलना लागू नाही, आणि मुंबई-कोकणाच्या दमट हवेत फ्रिजमधून काढलेल्या सेलवर लगेच पाणी साचते हा तोटा वेगळाच.

सेल पूर्ण उतरवूनच पुन्हा भरावा, ही शिकवण अजूनही ऐकू येते. ती निकेल-कॅडमियमच्या जमान्यातली. स्वीडनमध्ये १८९९ साली वाल्डेमार युंगनर यांनी तयार केलेल्या या सेलना ‘स्मरणदोष’ असल्याचे म्हटले जाई. रोज थोडेच वापरून भरले की पुढे ते तेवढेच चालतात, असा त्याचा अर्थ. निकेल-मेटल हायड्राइडमध्ये हा दोष नगण्य आहे. वर्षा-सहा महिन्यांत एकदा सेल पूर्ण वापरून भरला म्हणजे झाले. परंतु हीच शिकवण इतर जातींना लावल्याने घराघरांत मोठे नुकसान झाले आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमनाचा कहर होता, तेव्हा घरोघरी इमर्जन्सी लॅम्प आले. त्यांतील अनेकांत छोटी शिसे-आम्ल बॅटरी असे. या बॅटरीचा स्वभाव नेमका उलटा. ती सदैव भरलेली हवी. रिकामी राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर चढतो आणि मग कितीही चार्ज केले तरी ती उठत नाही. भारनियमन कमी झाले, दिवे कपाटावर गेले आणि पुढे ज्या दिवशी ते काढले त्या दिवशी एकही लागला नाही, हा अनुभव किती घरांचा असेल! मोबाइल आणि लॅपटॉपमधल्या लिथियम-आयनची तऱ्हा तिसरी. तिला दोन्ही टोके नावडती. सतत शंभर टक्के भरून ठेवणे आणि शून्यापर्यंत उतरवणे, दोन्हींनी तिचे आयुष्य घटते. उन्हात उभ्या मोटारीत ठेवणे सर्वांत वाईट.

हीच लिथियम आता पेन्सिल सेलच्या कवचातही आली आहे. या सेलच्या अंगावरच यूएसबीची खाच असते, आत छोटेसे इलेक्ट्रॉनिक मंडल असते आणि ते शेवटपर्यंत बरोबर दीड व्होल्ट देत राहते. १.२ व्होल्टवर रुसणाऱ्या उपकरणांना ही सोय आहे. मात्र हा सेल संपताना कसलीही पूर्वसूचना देत नाही, तेव्हा दाराच्या कुलपाचा प्रश्न इथेही सुटत नाही. रेडिओत घातल्यास त्या मंडलाची खरखर ऐकू येऊ शकते. आणि तो निकेलच्या चार्जरमध्ये कधीही लावू नये. याहून धोकादायक आहे तो दिसायला तसाच असलेला, पण ३.७ व्होल्टचा उघडा लिथियम सेल. अंगावरचे व्होल्ट न वाचता तो खेळण्यात वा रिमोटमध्ये घातल्यास उपकरण जळते. साधे अल्कलाइन किंवा नाण्यासारखे चपटे लिथियम सेल चार्ज करून पाहण्याचा उद्योगही करू नये. ते गळतात, प्रसंगी फुटतात.

खरेदी करताना एक छोटी परीक्षा. पेन्सिल सेलवर ३५०० किंवा ४६०० मिलीअँपिअर-तास असे आकडे दिसले तर तो निकेलचा सेल खोटा आहे असे बेलाशक समजावे. एवढ्या कवचात २८०० च्या पलीकडे सहसा जाता येत नाही. रिमोटच्या बारीक सेलची मर्यादा ११०० च्या आसपास. खऱ्या पेन्सिल सेलचे वजन २६ ते ३१ ग्रॅम भरते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तो पंधरा-अठरा ग्रॅमच भरला, तर आत माल कमी आणि पोकळी जास्त.

पाचशे वेळा भरला तरी सेल एक दिवस संपतोच. भरल्यावर खेळणे दहा मिनिटांत थांबू लागले किंवा चार्जर सेलला स्वीकारेनासा झाला, की त्याची वेळ भरली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेले सेल ‘घरगुती घातक कचरा’ या वर्गात धरले. २००१ चे बॅटरीविषयक नियम शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरतेच होते. त्यांच्या जागी आलेल्या २०२२ च्या नियमांनी पेन्सिल सेलसारख्या छोट्या बॅटऱ्याही कक्षेत घेतल्या आणि त्या परत गोळा करून त्यांवर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. सेलवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र असते ते यासाठीच. जुन्या कॉर्डलेस फोनमधले किंवा ट्रिमरमधले कॅडमियमचे सेल तर नेहमीच्या कचऱ्यात चुकूनही जाऊ नयेत, कारण कॅडमियम मूत्रपिंडांना घातक आहे आणि मातीत-पाण्यात मिसळले की अन्नातून परत येते. लिथियमचे सेल घंटागाडीत दाबले जाऊन पेट घेऊ शकतात. ड्रॉवरमधले सगळे जुने सेल एका बरणीत जमवावेत, लिथियमच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि बरणी भरली की सोसायटीच्या किंवा महापालिकेच्या ई-कचरा संकलनात द्यावी. बरणी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. चपटा लिथियम सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. अशा वेळी घरी उलटी काढण्याचा प्रयत्न न करता थेट रुग्णालय गाठावे आणि शक्य असल्यास त्याच जातीचा दुसरा सेल किंवा त्याचे पाकीट डॉक्टरांना दाखवण्यासाठी बरोबर न्यावे.